पानगाडीचा थांबा

मी चौदा-पंधरा वर्षांची होते तेव्हा माझी अगदी पक्की समजूत होती, की या भागात रेल्वे काढली ती आमच्या घरच्या विड्याच्या पानांसाठी. शाळेत गुरुजींनी सांगितलं, गुजरातेतला कापूस मुंबईच्या बंदराला न्यायचा म्हणून साहेबाने रूळ टाकले. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, गुरुजी, आमच्या स्टेशनात रोज संध्याकाळी पानं चढतात, कापूस मी एकदाही बघितलेला नाही. वर्ग हसला. गुरुजींनी मला बाकावर उभं केलं, आणि मी तिथून खालच्या सगळ्या अज्ञानी जनतेकडे मोठ्या करुणेने बघत राहिले. आज आचोळ्याच्या या फ्लॅटमध्ये आरामखुर्चीत बसून ती मुलगी आठवते तेव्हा तिची वेणी धरून एक हिसडा द्यावासा वाटतो. नाक वर, अक्कल खाली. पण एक आहे. रेल्वे आमच्यासाठी काढली नसेल, आमचं गाव मात्र रेल्वेने नव्याने मांडलं, आणि एका उन्हाळ्यात ते पुन्हा मोडायची वेळ आली होती. त्या उन्हाळ्याचं सांगायचं आहे.

रेल्वे आली ती माझ्या पणज्याच्या वेळी. त्याआधी आमची पानं खाडीतून शिडाच्या पडावाने मुंबईला जायची. वारा पडला की पडाव उभा, आणि पडाव उभा की पानं कुजली. मग साखळ्या घेऊन मोजणीवाले आले. गावातल्या जाणत्यांनी ठरवलं की इंजिनाच्या धुराने वेली करपतील आणि एवढं लोखंड जमिनीवर पडलं तर विहिरींचं पाणी ओढून घेईल. म्हणून आपण रेल्वेला लांब हाकललं, असं माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मोठ्या अभिमानाने सांगायचे. खरं म्हणजे त्या साहेबाला आमच्या वाड्यांत शिरायची काही गरजच नव्हती. त्याला सरळ आणि मोकळी जमीन हवी होती, ती त्याला पूर्वेला भातखाचरांत आणि मिठागरांच्या कडेने मिळाली. पण गावाला बढाई मिळाली, आणि त्या बढाईची किंमत आमचे बैल रोज संध्याकाळी स्टेशनापर्यंतच्या धुळीच्या रस्त्यावर फेडत राहिले.

स्टेशन म्हणजे आधी माळावरची एक शेड, एक घंटा आणि इंजिनासाठी पाण्याची टाकी. मग घाटावरचे हमाल आले, त्यांनी शेडच्या मागे झोपड्या घातल्या. हमालांना चहा लागतो म्हणून चहावाला आला, चहावाल्याला साखर लागते म्हणून वाणी आला, आणि पानांचा पैसा आहे म्हटल्यावर उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांचे दलाल येऊन पेढ्या टाकून बसले. गावं नदीकाठी वसतात असं भूगोलात होतं. आमच्याकडे ती गाडी जिथे थांबेल तिथे वसली, आणि जिथे गाडी नुसती शिटी मारून जायची तिथे कितीतरी वर्षं निव्वळ खाऱ्या चिखलाचं खाजण राहिलं. आमच्या घरावर कौलं चढली ती पानांच्या पैशाने, आणि पानं चढली ती गाडीमुळे. दिल्ली, आग्रा, कानपूर ही आमच्या घरात गावांची नावं नव्हतीच, ती पानं भरायच्या करंड्यांची, म्हणजे टोपल्यांची, नावं होती. जाड काळपट पान एका गावाला, कोवळं पिवळसर दुसऱ्याला. "आज चार दिल्ल्या बांधा," असं आबा ओरडायचे आणि मी बरीच मोठी होईपर्यंत दिल्ली हे करंड्याचं माप समजत होते.

घरात माणसं पुष्कळ, पण घर चालायचं मळ्याच्या तब्येतीवर. पहाटे रहाट सुरू व्हायचा. बैल गोल फिरायचे आणि रहाट असा कण्हायचा की नव्या सुनेला पहिले काही दिवस झोप लागायची नाही, आणि पुढे माहेरी गेली की त्या आवाजावाचून लागायची नाही. मळ्यात वहाणा घालून जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, अडचणीच्या दिवसांत तर बाईने मळ्याच्या कुडाकडे बघायचंसुद्धा नाही. आत गेलं की हिरवा काळोख आणि गारवा. अंगठ्याला लोखंडी नखी चढवून देठाशी अलगद दाब द्यायचा, पान हातात यायचं आणि वेलीला कळायचंही नाही. दुपारी ओसरीवर ओली गोणपाटं अंथरून पानांचे ढीग घालायचे आणि त्यांच्याभोवती आम्ही बायका बसायचो. त्या ओसरीचा वास अजून माझ्या नाकात आहे. तिखट, ओला, हिरवा. नातू मला हल्ली पान आणून देतो, त्यात चॉकलेट असतं आणि वरून चांदीचा कागद. मी खाते. देवाने दात ठेवलेत तोवर कशाला नाही म्हणायचं? पण पानाला पानाचा वास नसतो, हे मात्र त्याला प्रत्येक वेळी ऐकवते.

पानांच्या ढिगापाशी मध्यभागी बसायची काशीआत्या. आबांची थोरली बहीण, तरी लाडाने त्यांना दादा म्हणायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परतली, ती थेट पानांच्या ढिगासमोर बसली आणि पुन्हा उठली नाही, असं आये म्हणायची. आये म्हणजे माझी आई. ती कमी बोलायची, आणि आत्या तिच्या वाटणीचंही बोलायची. दुपारच्या जेवणात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची, थंडीत कधी कंद-भाज्यांची उकडहंडी. सुकट खाल्ली की हात चुलीतल्या राखेने घासून आत्यासमोर धरायचे. ती एकेक बोट हुंगायची. "हे बोट बोंबील हय अजून," म्हणून परत पाठवायची. मग कुठे पानाला हात लावायची परवानगी. पानं आकाराने, रंगाने निवडायची, चवड लावायची, करंड्यात खाली केळीचं पान, मग देठ एका दिशेला करून पानांचे थर, वर ओलं फडकं, पुन्हा केळीचं पान. एवढं सगळं बायकांनी करायचं. मग आबा यायचे, केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, दोरी घालून गाठ मारायचे, आणि गाठ बसली की करंडा पुरुषांचा. त्यानंतर बाईचा हात त्याला लागला तर आतलं पान वाटेत काळं पडतं, अशी रीत. ही रीत आत्या डोळ्यात तेल घालून सांभाळायची.

मी शाळेत जाणारी, त्यामुळे सुधारक. मी आत्याला विचारलं होतं, गाठीआधी आमचे हात अमृताचे आणि गाठीनंतर विषाचे होतात का? आत्या पानांवरून नजर न काढता म्हणाली, "हातांचा मला नाय ठावं. जीभ मात्र तुझी दोन्ही वेळेला इखाची हय." काकू हसल्या. मी मनातल्या मनात ठरवलं, की एक दिवस सगळ्यांसमोर हा अंधार मी दूर करणार. भाषणही तयार केलं होतं. परसात केळींसमोर उभी राहून म्हणायची. केळींनी कधी हरकत घेतली नाही.

बायकांना जशी गाठीची रीत तशी पुरुषांना मानाची. पहिली गाडी आली तेव्हा पहिला करंडा डब्यात ठेवला तो वरल्या घराने, म्हणून रोज पहिला करंडा त्यांचा. आम्ही खालच्या घरातले. आबांचं म्हणणं, स्टेशनावर आधी पोचला होता आपला पणजा, वरल्या घरवाल्याने दारात खांदा मारून पुढे घुसवला. दोन्ही पणजे मरून माती झाली, खांदा मात्र अजून दुखत होता. वरल्या घराचे कर्ते दाजीकाका, गळ्यात पातळ उपरणं, आवाज खणखणीत. रोज संध्याकाळी गाडी आली की दाजीकाका आपला करंडा उचलून डब्यात ठेवायचे, मग आबा, मग पुढची घरं आपापल्या पायरीने. प्रत्येक घराचा माणूस आपलेच करंडे आपल्याच हाताने ठेवायचा. दुसऱ्याच्या करंड्याला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटातलं उचलून खाणं. गाडी आमच्या स्टेशनात पाणी घ्यायची, निवांत उभी असायची, त्यामुळे हा सगळा सोहळा पार पडायचा. मधे विडीही व्हायची.

त्या उन्हाळ्यात, होळी उलटून गेल्यावर, स्टेशनमास्तरांनी सगळ्या कर्त्या माणसांना बोलावून घेतलं. मास्तर रत्नागिरीकडचे, सरळ माणूस, आमची पानं खाऊन ओठ लाल झालेले. त्यांनी सांगितलं की इंजिनं आता पुढच्या मोठ्या स्टेशनात पाणी घेणार. नव्या वेळापत्रकात गाडी इथे थांबेल ती पानाला चुना लावून घडी घालीपर्यंत. तेवढ्यात सगळे करंडे चढले तर ठीक, नाहीतर पार्सलचं काम इथून बंद, माल मोठ्या स्टेशनावर नेऊन द्यायचा. वरून हुकूम आहे, महिनाभर बघणार आणि मग ठरवणार.

मोठं स्टेशन बैलगाडीने किती लांब ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी खुडून बांधलेलं पान संध्याकाळी तिथे पोचणं शक्य नव्हतं. ज्यांच्याकडे दोन-तीन बैलजोड्या, त्यांनी कसंतरी केलं असतं. आमच्यासारख्या एका जोडीच्या घरांनी काय करायचं? आबा घरी आले, जेवायला बसले, आणि भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "गाडी गेली तर मळा मोडायचा. मी मुंबईला गिरणीत जाईन." एवढंच. आये वाढता वाढता थांबली. आत्या दाराशी बसली होती, ती उठून अंधाऱ्या ओसरीवर गेली. पानं नसतील तर ती कुठे बसणार, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला, नाही असं नाही. पण त्याहून मोठा विचार असा आला, की हे संकट मी सोडवणार.

पहिल्याच संध्याकाळी बहुतेक करंडे फलाटावर राहिले. गाडी आली, दाजीकाकांनी उपरणं सावरलं, करंडा उचलला, डब्यात नीट ठेवला, मागे सरले. आबा पुढे झाले. तिसरं घर पायरीवर पाय ठेवतंय तोवर गार्डाने शिटी वाजवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भांडण झालं आणि त्याहून कमी चढले. पुरुषांची बैठक बसली. मान सोडावा असं कोणीही म्हणालं नाही. सगळे म्हणाले की गार्ड उद्धट आहे.

तेव्हा मी आबांना माझी युक्ती सांगितली. पार्सलचा डबा जिथे येऊन थांबतो तिथेच आधीपासून आपले करंडे रचून ठेवायचे. मी स्टेशनात जाऊन, चहावाल्याच्या बाकड्यावर बसून, डबा कुठे थांबतो ते बघितलं आणि फलाटावर कोळशाने खूण केली. आबा बिचारे लेकीच्या शिक्षणावर विश्वास ठेवणारे. त्यांनी सगळ्या घरांना समजावलं, करंडे खुणेवर रचले, मी कंबरेवर हात ठेवून बाजूला उभी. त्या दिवशी गाडीला डबे जास्त लावले होते. पार्सलचा डबा माझी खूण ओलांडून पार पुढे, फलाट संपतो तिथे जाऊन थांबला. सगळे पुरुष करंडे डोक्यावर घेऊन धावले. दाजीकाकांचं उपरणं रुळांवर पडलं. धावताना दोन करंडे फुटले, एकही वेळेवर चढला नाही. हमाल खाली बसून हसत होते. घरी येताना आबा नुसते बैल हाकत होते, आणि मी इतिहासातल्या थोर लोकांनाही सुरुवातीला असंच सोसावं लागलं होतं, अशी स्वतःची समजूत घालत होते. मला वाटतं, मूर्खपणालाही एक वय असतं, आणि मी त्या वयाला पुरेपूर न्याय दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने ते परत आलेले करंडे ओसरीवर उघडायला सांगितले. गाठी आबांनी सोडल्या. केळीचं पान बाजूला केलं तशी आतून गरम वाफ आली, भात शिजवावा तशी. पानं काळी पडली होती, चवडीच्या चवडी. आत्याने एक पान उचललं, ते बोटांत विरलं. तिने दुसरं उचललं. घरातले सगळे भोवती उभे होते. मग तिने आबांकडे बघून विचारलं, "दादा, या करंड्यांना बाईचा हात लागला काय?"

आबा म्हणाले, नाही.

"मग हे कोनाच्या हातानं काळं पडलं?"

मी बोलणार होते. माझं भाषण घशापर्यंत आलं होतं, पहिलं वाक्य तर फारच सुंदर होतं. पण आत्या उठली. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि आयेला म्हणाली, "चल, शाकारनीचं बोलावनं देऊन येऊ."

शाकारणी म्हणजे गोठ्या-खोपटांवर पेंढ्याचं नवं छप्पर घालणं. आमच्याकडे ते एका घराचं काम नसतं. वैशाखात ज्याच्याकडे शाकारणी असेल त्याने बोलावणं द्यायचं, आणि प्रत्येक घरातून बायका यायच्या. खालपासून छपरापर्यंत एकीच्या हातून दुसरीच्या हातात पेंढ्या चढायच्या, गाणी म्हणत, टोमणे मारत. या बोलावण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. भांडण असो, अबोला असो, शाकारणीला जायचंच, कारण पुढच्या पावसात आपलंही छप्पर असतं. आये आणि आत्या घरोघर गेल्या. मी मागून. बायका विचारायच्या, कोणाचं छप्पर? आत्या सांगायची, "सगल्यांचा. उद्या उन्हं कलली की बैलगाडीत बसा." वरल्या घराच्या दारात आम्ही गेलो तेव्हा दाजीकाका घरी नव्हते. त्यांच्या तिन्ही सुनांनी सगळं ऐकून घेतलं. थोरली म्हणाली, सासरे ओरडतील. आत्या म्हणाली, ओरडू दे, शाकारणीला आलं नाही असं एक घर दाखव. थोरलीने जावांकडे पाहिलं. घरातल्या घरात कशा बोलतात बायका, डोळ्यांनी, तसं काहीतरी झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करंड्यांच्या गाड्यांमागे बायकांच्या गाड्या निघाल्या. आबा पुढच्या गाडीत, मान खाली. त्यांनी आत्याला अडवलं नाही, आणि मला वाटतं त्या दिवशी न अडवायलाही त्यांना बरंच बळ लागलं असणार. स्टेशनावर दाजीकाका उभे होते. आपल्या सुना गाडीतून उतरताना बघून त्यांचा चेहरा असा झाला, की आजही मला तो शब्दांत पकडता येत नाही. ते खणखणीत आवाजात म्हणाले की हे काय चाललंय, बायकांचं इथे काय काम, आणि आधी मान कुणाचा ते ठरू द्या.

आत्या म्हणाली, "मान? घरी ये, ताटात वाढते. इथं करंडे चढवायचे हत."

तिने फलाटाच्या मागच्या भिंतीपासून रुळांपर्यंत बायकांची रांग उभी केली, छपराला करतात तशी. डबा कुठेही थांबला तरी रांगेचं रुळांकडचं टोक धावून तिथे जाईल, मधल्या बायका सरकतील. माझ्या कोळशाच्या खुणेची मला फार लाज वाटली. तेवढ्यात शेजारच्या वाडीतली मारीबाय, ख्रिस्ती, केळी आणि मोगरे विकणारी, टोपल्या खाली ठेवून आली. आमची ओळख जुनी. ती म्हणाली, "काशे, तुमच्या पानाला आमचा हात चालतो काय गो?"

"आज तर चालतोच चालतो," आत्या म्हणाली. "आज माझापन चालतोय." मारीबाय रांगेत माझ्या शेजारी उभी राहिली.

गाडी आली. डबा थोडा पुढे थांबला, रांग सरकली, डब्यात आबा आणि दाजीकाकांचा मधला मुलगा चढून उभे राहिले. पहिला करंडा आत्याने उचलला. आजवर रीत सांभाळणाऱ्या बाईने गाठ मारलेला करंडा दोन्ही हातांनी उचलला, क्षणभर छातीशी धरला आणि आयेला दिला. आयेने वरल्या घराच्या थोरलीला दिला. करंडा एकेका हातातून पुढे येत माझ्यापर्यंत आला. आणि मी, सुधारक, केळींसमोर भाषणं देणारी, मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

खरं सांगते, ठरवून नाही. हातच गेले. मी जन्मभर त्या रीतीची थट्टा केली होती, आणि ती सगळी थट्टा ओठांवरच होती. आत कुठेतरी माझी खात्री होती की माझा हात लागला की हा करंडा दिल्लीला काळा होऊन पोचेल आणि आबा गिरणीत जातील. रांग अडली. मागून बायका ओरडल्या. वरल्या घराची धाकटी सून करंडा धरून माझ्याकडे बघत होती.

मारीबाय माझ्या कानाशी म्हणाली, "बाय, चुलीवरचं भांडं उतरवतेस ना? भाजेल म्हनून सोडतेस काय? धर."

मी डोळे मिटले आणि धरला. करंडा गार होता आणि जड. पुढे दिला. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि मग मोजायला कोणाला सवड नव्हती. कोणाचा करंडा कोणाच्या हातातून गेला हे कोणालाच कळलं नाही, पहिला कोणाचा आणि शेवटचा कोणाचा हे तर मुळीच नाही. दाजीकाका दोन पावलं पुढे येऊन थांबले. आपला करंडा कुठला ते ते शोधत होते, पण रांगेत सगळेच करंडे सारखे दिसत होते. गार्डाने शिटी वाजवली तेव्हा फलाटावर एकही करंडा नव्हता. फलाटावर फक्त बायका होत्या, आणि त्यांना काय करावं कळत नव्हतं, म्हणून त्या हसायला लागल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पलीकडून माल पोचल्याची खबर यायची ती दलालाच्या तोंडून. रोज शाळेतून येताना मी त्याच्या पेढीवरून जायची, विचारायची हिंमत व्हायची नाही. शेवटी तो स्वतःच आमच्या ओसरीवर आला. आबांनी विचारलं, माल कसा पोचला? तो म्हणाला, पोचला तसाच, काही पानं काळी होती. आबांनी विचारलं, किती? दलालाने खांदे उडवले. नेहमीइतकीच, म्हणाला, वाटेत एवढी जातातच की. आत्या पानं निवडत होती. तिने हातातलं पान बाजूला टाकलं, दुसरं उचललं आणि म्हणाली, "ऐकलंस? इतकी वर्सं आपन बाजूला होतो, तरी काळी पडतच होती." पुढे गावातल्या एका म्हाताऱ्याने म्हटलं की पान शाबूत राहिलं ती देवाची कृपा. आत्याने त्यालाही ऐकवलं, की काळं पडलं असतं तर मात्र तुम्ही देवाचं नाव घेतलं नसतं.

महिनाभर बायका गेल्या. रोज. कोणाच्या घरी तान्हं मूल, कोणाकडे पाहुणे, कोणाचं अंग दुखतंय, पण रांग कधी तुटली नाही. एखादीला जमलं नाही तर तिची सासू आली. अडचणीच्या दिवसांचं काय, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. एके दिवशी गाडीला उशीर झाला तेव्हा फलाटावर बसून सगळ्यांनी मारीबायच्या टोपलीतली केळी संपवली. दाजीकाका काही दिवस स्टेशनावर आलेच नाहीत. मग एका संध्याकाळी आले, रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि कोणाशी न बोलता करंडे डब्यात चढवू लागले. त्यांच्या हातातून पहिला जो करंडा गेला तो आमच्या घरचा होता. गाठ बघून त्यांना कळलं असणार, आबांची गाठ वेगळी असते. पण ते थांबले नाहीत.

महिना संपल्यावर मास्तर स्वतः गावात आले. थांबा राहिला, पार्सल राहिलं. आबांनी त्यांना पानं दिली, पाठीवर थाप मारून घेतली. रात्री जेवताना आबा खुशीत होते. ते आत्याला म्हणाले, ताई, तुझ्यामुळे मळा राहिला, हे मी विसरणार नाही. आता मात्र तुम्ही बायका घरी बसा, पुरुषांना जमेल आता, सगळ्यांना सवय झालीय. त्यांना खरंच आत्याचं भलं हवं होतं. आत्याने मान हलवली आणि भाकरी वाढली. मला तिचा राग आला. एवढं करून गप्प बसली म्हणून. त्या रागातच मी झोपले, कारण मला माझी आत्या अजून कळायची होती.

पुढे कितीतरी वर्षं पानं गाडीने गेली. मग ट्रक आले, विहिरी खारट झाल्या, वेली गेल्या, आणि जिथे मळे होते तिथे आता लोक लिफ्टने घरी जातात. ते व्हायचं होतं, ते झालं. पण त्या जेवणानंतरच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मला आजही लख्ख दिसते. आबांनी करंडे बांधले, गाडीत चढवले, बैल जुंपले आणि कासरा घ्यायला वळले. आत्या गाडीत चढून बसली होती, करंड्यांच्या पुढे, पाय खाली सोडून. तिच्या मागे आये. रस्त्यावर वरल्या घराची गाडी येऊन थांबली होती आणि तीत तिन्ही सुना. आबा काही बोलणार एवढ्यात आत्याने बैलांच्या शिंगांवरून समोर रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, गाडी काय आपल्यासाठी थांबून नाय राहायची. हाक."

आबांनी कासरा उचलला. मी अंगणात पुस्तक घेऊन उभी होते. पुस्तक तुळशीपाशी टाकलं आणि गाडीमागे धावले.